आबांच्या मापाचा खड्डा

गिरणीच्या पायरीवर माझी डावी चप्पल निघाली आणि परत पायात जाईना.

चप्पल घालायला काही अक्कल लागत नाही. अंगठा जरा वर उचलायचा, पट्ट्यात सरकवायचा, झालं. पण माझा अंगठा उचलतच नव्हता. मी त्याला हुकूम सोडत होतो आणि तो आपला सुस्त पडून. दळणाचे डबे घेऊन पाच-सहा बायका उभ्या होत्या, त्या आधी बघत राहिल्या आणि मग बघत नसल्याचं नाटक करायला लागल्या. शेवटी मी खाली वाकलो आणि लहान पोराला घालावी तशी हाताने पाय धरून स्वतःलाच चप्पल घातली. वर बघतो तर समोर द्वारकावहिनी.

द्वारकावहिनी म्हणजे माझ्या सख्ख्या थोरल्या भावाची बायको. आमच्या दोन घरांत एक भिंत होती आणि आठ महिन्यांचा अबोला होता. येवल्यातल्या आमच्या साळी गल्लीत तो सगळ्यांना ठाऊक होता. मी मान फिरवून निघणार तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "भाऊजी, पाय कुणाला तरी दाखवा. हे म्हणत होते..." आणि ओठ मिटून घेतले.

"काय म्हणत होता तो?"

"काही नाही."

"नाही, आता सांगाच."

"मी बोलले हे घरात कळू देऊ नका," म्हणाली, आणि डबा कमरेवर घेऊन चालायला लागली.

तो काय म्हणत असणार याचा मला अंदाज होता. हसत असणार. त्र्यंबकदादाला माझं वाईट झालेलं बघायला फार आवडायचं, आणि खरं सांगायचं तर त्याचं वाईट झालेलं बघायला मलाही. या एका बाबतीत आम्ही अगदी एका आईचे होतो.

ही सदतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी एकतीसचा होतो, दादा छत्तिसाचा. भांडण कशावरून, तर आबांच्या मागावरून.

आमचे माग खड्ड्यातले. विणकर जमिनीवर फरशीच्या कडेला बसतो, पाय खाली खड्ड्यात सोडतो आणि तिथल्या दोन पावड्या एकाआड एक दाबतो. एक पावडी दाबली की निम्मे धागे वर, दुसरी दाबली की उरलेले निम्मे. मधून हाताने आडव्या धाग्याचा धोटा जातो. पैठणी ही बघणाऱ्याला हातांची वाटते. विणणाऱ्याला विचाराल तर ती निम्मी पायांची असते. म्हणून आमच्याकडे पोरगा मागावर बसण्याजोगा झाला की बाप ताण्यातला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांतलाच एक धागा घेऊन त्याच्या गुडघ्यापासून टाचेपर्यंत माप काढतो, गाठ मारतो आणि त्या मापाचा खड्डा खणतो. पोरगा वाढला की खड्डा वाढतो. मापाची दोरी मागाच्या खुंटीला टांगलेली असते आणि दसऱ्याला मागाबरोबर तिलाही हळदकुंकू लागतं.

आबा ठेंगणे होते. दादा त्यांच्यावर गेला, अगदी त्याच उंचीचा, त्याच चालीचा. मी मात्र मामाच्या वळणावर गेलो, ताडमाड. घरात दोन खोल्या, दोन माग. पुढच्या खोलीत आबांचा, मागच्या खोलीतला माझ्यासाठी खणलेला. दादाला वेगळा खड्डा कधी लागलाच नाही. आबांचं माप तेच त्याचं. आबा उठले की तो बसायचा, तो उठला की आबा.

आबा गेले आणि वर्षश्राद्ध झाल्यावर रंगनाथमामा वाटण्या करायला आले. मामांनी सरळ सांगितलं, "पुढची खोली त्र्यंबकला, मागची पुरुषोत्तमला. ज्याचा त्याचा माग ज्याच्या त्याच्याकडे."

मी म्हणालो, "मला आबांचा माग पाहिजे."

"अरे, पण तुझा माग आहे की."

"आबांचं शेवटचं दुखणं दोन वर्षं मी काढलं. मी आणि इंदूने. हा तेव्हा कुठं होता? सासुरवाडीच्या धाकट्या मेव्हण्याचं लग्न, साडूच्या घराची वास्तुशांत! आबांच्या जागेवर बसायचा हक्क माझा आहे."

यात निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं असं, की त्या मागाकडे दादा ज्या नजरेने बघत होता ती नजर मला मोडायची होती. दादाचा चेहरा काळाठिक्कर पडला. त्याने एकदा मागाकडे बघितलं. मग म्हणाला, "घे."

मामा म्हणाले, "त्र्यंबक, नीट विचार कर."

"घेऊ द्या त्याला. पण पुर्शा, तो खड्डा तुझा नव्हं. पाय जाईल तुझा."

मी ताडकन उठलो. "शाप देतोस? बापाच्या वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी सख्ख्या भावाला शाप देतोस?"

"मी काय म्हणतोय ते ऐक—"

"ऐकलं! मामा, तुम्ही ऐकलंत ना? आता तूही ऐक. आजपासून माझा उंबरा ओलांडायचा नाही. माझ्या मागाचं नाव तोंडातून काढायचं नाही. घे आबांची शपथ."

"घेतली," दादा म्हणाला. त्याचे डोळे माझ्या पायांवर होते. "आबांची शपथ. तुझा पाय खरंच गेला तरी नाव काढणार नाही."

असे आम्ही वेगळे झालो. मामांनी मधलं दार विटांनी बुजवून घेतलं. मी पुढे, दादा मागे. मी आबांच्या खड्ड्यात, दादा माझ्या.

आबांचा खड्डा माझ्यासाठी उथळ आणि अरुंद होता. माझे गुडघे वर यायचे आणि मांड्यांना जागा नसल्याने बाहेर फाकायचे. डावा गुडघा बाजूच्या शहाबादी फरशीच्या कडेला टेकायचा. दुखत नव्हतं, नुसता टेकायचा. खड्डा हातभर खोल करून घेतला असता तर प्रश्न मिटला असता. पण मग मागच्या खोलीत पहारीचा आवाज त्याला ऐकू गेला असता. त्याला कळलं असतं की मला आबांची जागा पुरत नाही. त्यापेक्षा गुडघे फाकून बसणं मला परवडत होतं.

तिकडे दादाची उलटी गत. माझा खड्डा त्याला खोल. त्याचे पाय पावड्यांपर्यंत पोचत नसणार हे मला भिंतीआडून कळत होतं, आणि त्या विचाराने मला जेवण गोड लागत होतं. त्यानेही खड्डा बुजवून घेतला नाही. का, ते मला विचारायची गरज नव्हती.

दोन-तीन महिन्यांनी एक नवीनच प्रकार सुरू झाला. मी विणत असलो की मधूनच पलीकडून भिंत वाजायची. धोट्याच्या लाकडाने दोनदा, ठक ठक. मी थांबायचो. मग पुन्हा विणायला लागायचो. थोड्या वेळाने पुन्हा ठक ठक. मी चिडून माझा धोटा भिंतीवर हाणायचो. इंदू, माझी बायको, धोट्याच्या कांड्यांवर रेशीम भरता भरता म्हणायची, "काय पोरखेळ चाललाय तुम्हा दोघांचा?"

"त्याला सांग. तो सुरू करतो."

"मी कशी सांगू? बोलणं बंद ठेवलंय ना तुम्ही?"

हळूहळू त्याचं भिंत वाजवणं वाढलं. दिवसातून चारदा, पाचदा. आणि माझा डावा पाय नाठाळपणा करायला लागला. पावडी दाबली जायची, त्यात खोट नव्हती. पण दाबून झाल्यावर पाय वर उचलायचा असतो, तो रेंगाळायचा. चालताना पुढचा भाग जमिनीला घासायचा. इंदूने दाखवलं, डाव्या चपलेचं पुढचं टोक झिजून पातळ झालेलं. पोटरीची बाहेरची बाजू आणि पावलाचा वरचा भाग बधिर. मी तेल चोळलं, शेक दिला, मग द्वेषाने विणत राहिलो. तेव्हा मागावर असलेल्या पदरावर चार मोर होते. चौथ्या मोराच्या मानेत धागे सुटले, कारण डावी पावडी पुरती वर यायच्या आतच मी धोटा टाकला होता. अठरा वर्षं विणत होतो, असा मोर माझ्या हातून कधी झाला नव्हता.

आणि मग ती गिरणीची पायरी.

इंदूने दुसऱ्याच दिवशी मला नाशिकला नेलं. तिथल्या एका दवाखान्यात नसांची डॉक्टरीण होती. कुलथे आडनाव, माझ्याहून वयाने लहान. तिने मला टेबलावर बसवलं, म्हणाली, "पाऊल वर करा." उजवं झालं. डावं लोंबत राहिलं. इंदूने तोंडावर पदर धरला. तोवर ती रडली नव्हती.

डॉक्टरणीने माझ्या गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला जे हाड हाताला लागतं, त्याच्या मागे बोटाने टिचकी मारली. पावलापर्यंत विजेचा झटका गेला.

"इथं काय टेकतं तुमचं?" तिने विचारलं.

"कुठं काय टेकतं?"

"काहीतरी टेकतंय. पायाची एक नस इथं हाडावरून वळते आणि वर नुसती कातडी. पाऊल उचलायचं काम तिचं. काम काय करता?"

"विणकर. पैठणी."

"कसं बसता, दाखवा."

मी दोन खुर्च्यांच्या मध्ये पाय सोडून बसून दाखवलं. गुडघे आपोआप फाकले. डावा गुडघा खुर्चीच्या लाकडाला टेकला, बरोबर तिने टिचकी मारली होती तिथे. तिने नुसतं त्या जागेवर बोट ठेवलं.

"रोज किती तास?"

"दहा. कधी अकरा."

"किती महिने?"

"आठ."

"आधी इतकी वर्षं काही झालं नाही?"

"आधी दुसऱ्या मागावर बसायचो. त्याचा खड्डा..." 

ती सांगत होती, की नस मेलेली नाही, चिरडलेली आहे. जागा बदलली तर परत येईल, पण सावकाश. आतला दोरा दिवसाला फार तर एक मिलिमीटर वाढतो. वर्ष जाईल, जास्तही. तोवर पावलाला पट्टी बांधायची. जागा बदलली नाही तर पाय जन्मभर असाच. मग कापसाच्या बोळ्याने ती माझा तळवा तपासायला लागली. तळव्याला सगळं कळत होतं.

"हे नशीब समजा," ती म्हणाली. "काहींचा तळवाच बधिर होतो. काटा रुतो, चटका बसो, पत्ता लागत नाही. जखम आत सडत जाते आणि माणूस त्याच पायावर चालत राहतो. अशांचे पाय रोज घरातल्या कुणीतरी बघायचे असतात. त्यांना स्वतःला नाही कळत."

हे तिचं बोलणं मी ऐकलं होतं. पुढे मला कुणाला सांगता येणार नाही की ऐकलं नव्हतं.

परतीच्या एसटीत माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं. तो खड्डा तुझा नव्हं, पाय जाईल तुझा. तो शाप नव्हताच. त्याला माहीत होतं. लांब पायाचा माणूस उथळ खड्ड्यात बसला तर काय होतं हे त्याला ठाऊक होतं आणि आठ महिने तो भिंतीपलीकडे बसून माझा पाय जाताना ऐकत होता. माझ्या जागी चांगला माणूस असता तर त्याला वाटलं असतं की भावाने सावध केलं होतं. मला राग आला. इतका, की स्टँडवरून घरी न जाता मी थेट मागच्या गल्लीतून दादाच्या दारात गेलो. शपथ त्याला होती, मला नव्हती.

तो मागावर होता. दुपारचे चार वाजले असतील, झरोक्यातून जरीवर ऊन पडलेलं. मला बघून त्याने धोटा थांबवला.

"चुकून आलास?"

"तुला माहीत होतं," मी म्हणालो. "माझा पाय जाणार हे तुला माहीत होतं."

"होतं."

"कसं?"

"आबांचा धाकटा भाऊ, दत्तूकाका. तू जन्मायच्या आधीचा. उंच होता, तुझ्यासारखा. आबांच्या खड्ड्यात बसायचा. वर्षात पाय लोंबायला लागला. मग आबांनी घरात नियमच केला, ज्याच्या मापाचा खड्डा त्यानेच बसायचं. मला ते दहाव्या वर्षी सांगितलं. तुला सांगायची वेळच आली नाही, तुला पहिल्यापासून वेगळा खणला."

"आणि तू आठ महिने गप्प बसलास."

"मी मामांसमोर बोललो. तू तोंड बंद केलंस माझं. आबांची शपथ घातलीस."

"शपथ! शपथेच्या आड लपतोस? भावाचा पाय चालला होता!"

"मला ऐकू येत होतं. डावी पावडी उशिरा पडत होती. संक्रांतीपासून. भिंत कशाला वाजवत होतो मी?"

"चिडवायला."

तो हसला. ते हसणं मी विसरणार नाही. "चिडवायलाही," म्हणाला. "उशिरा पडली की वाजवायचो. शपथेत भिंत नव्हती. अक्कल असती तर समजला असतास. आणि नाही समजलास याचं मला वाईट वाटलं नाही, हेही सांगतो. आबांच्या जागेवर बसायचं होतं ना? बस."

"मी उठणार नाही तिथून."

"नको उठू."

"आधी तू माझ्या खड्ड्यातून उठ. मग मी उठतो."

"मी कशाला उठू? मला झकास बसतंय." आणि हे दाखवायलाच जणू तो खड्ड्यातून वर आला, दोन्ही हातांनी फरशीवर जोर देऊन, आणि दाराकडे बोट करून माझ्या अंगावर चालून आला. "नीघ. पुन्हा या दारात दिसलास तर तंगडं मोडून ठेवीन. मोडायला एकच उरलंय."

मी मागे सरलो. आणि मला खड्ड्यातलं दिसलं. पाय पोचत नव्हते म्हणून त्याने पावड्यांवर लाकडाचे जाड ठोकळे ठोकले होते. उजव्या ठोकळ्यातून एका खिळ्याचं टोक वर आलं होतं. ते ओलं होतं.

मग मी फरशी बघितली. खड्ड्यापासून माझ्यापर्यंत तो सहा पावलं चालत आला होता. दर दुसऱ्या पावलाला फरशीवर लाल डाग होता. ताजा. त्याच्या खाली, रेशमाच्या रंगाचे समजून घासलेले पण पुरते न गेलेले, जुने काळपट डाग होते. आणि दादा त्याच उजव्या पायावर सगळा भार देऊन उभा होता, कमरेवर हात ठेवून, आणि त्याला काही म्हणजे काही कळत नव्हतं.

माझ्या लक्षात सगळं आलं. दिवसभर कडेच्या टोकावर बसून, मांडीखाली दगडाची धार घेऊन, पाय ताणून ताणून त्याचीही नस चिरडली गेली होती. माझी पाऊल उचलायची, त्याची तळव्याची. मी त्याच्या खड्ड्यात लंगडा झालो होतो आणि तो माझ्या खड्ड्यात बधिर.

"बघतोस काय? नीघ म्हणतो ना!"

दोन शब्द पुरले असते. पाय बघ. एवढंच. जिभेवर आले होते. पण त्याचं ते चिडवायलाही अजून माझ्या कानात होतं. आठ महिने तू ऐकलंस ना, मी मनात म्हणालो, आता ऐक की. आणि मी पाठ फिरवली, लोंबता पाय घासत माझ्या घरी आलो.

इंदूने विचारलं, "काय झालं तिकडं?"

"काही नाही," मी म्हणालो.

मी पट्टी बांधली आणि त्याच खड्ड्यात पुन्हा बसलो. आधी तो उठेल, मग मी. भिंत आता वाजत नव्हती. दादाचा माग मात्र चालू होता. मी त्याच्या पावड्या मोजत बसायचो. उजवी पडली की मला तो खिळा दिसायचा. एक दिवस गेला, दोन गेले. रोज सकाळी ठरवायचो की इंदूकरवी वहिनीला सांगायचं आणि रोज ते राहायचं. सहाव्या दिवशी त्याचा माग थांबला. मला वाटलं, उठला एकदाचा. हरला. त्या दिवशी मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. हे लिहिताना लाज वाटते, पण खाल्ल्या.

नवव्या दिवशी द्वारकावहिनी माझा उंबरा ओलांडून आत आली. "भाऊजी, चला. यांना तीन दिवस ताप आहे. डॉक्टरला बोलवू देत नाहीत. आणि पायाला... पायाला वास येतोय."

मी गेलो. पाय घोट्यापर्यंत काळानिळा झाला होता. मामांना बोलावलं, जीप केली, नाशिकला नेलं. तिथे कळलं की रक्तात साखरही होती, कुणाला पत्ता नव्हता. उजव्या पायाची तीन बोटं आणि तळव्याचा पुढचा भाग कापावा लागला. डॉक्टर कुलथे बाहेर येऊन म्हणाली, "आठ दिवस आधी आणलं असतं तर नुसती पट्टी पुरली असती. घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?" वहिनी खाली बघून रडायला लागली. तिला वाटलं प्रश्न तिला आहे. मी भिंतीवरचं डोळे तपासायचं पत्रक वाचत उभा राहिलो. मोठ्या अक्षरांपासून बारीक अक्षरांपर्यंत, दोनदा.

दुसऱ्या दिवशी एकटाच येवल्याला परतलो आणि कात्री घेऊन मागावर गेलो. चालू ताणा कापणं आमच्यात फार वाईट मानतात. माणूस गेल्यावर कापतात. मी चार मोरांचा तो पदर, निम्म्या साडीसकट, कापून मोकळा केला. इंदू ओरडली, "अहो, हे काय करताय!" मी तिला ओरडू दिलं. मग गवंड्याला बोलावून बुजवलेलं मधलं दार फोडलं. आमचा संसार मागच्या खोलीत नेला, त्यांचा पुढच्या. त्या ठोकळ्यातला खिळा मी स्वतः पकडीने उपटला. आबांचा माग पुसला आणि मी काढून ठेवलेली आबांच्या मापाची दोरी त्याच्या खुंटीला परत लावली. माफी मागणं मला जमणार नव्हतं. हे जमत होतं.

दादा सव्वा महिन्याने घरी आला. कुबडीवर. दारातून आत आला, माग बघितला, खुंटीवरची दोरी बघितली. माझ्याकडे बघितलं नाही. आबांच्या जागेवर बसला, चांगला पाय खड्ड्यात सोडला, तो बरोबर पावडीवर टेकला. तासभर तसाच बसून होता. 

माझा पाय चौदा महिन्यांत परत आला. एक दिवस सकाळी अंगठा हलला, मग पाऊल उचललं गेलं. आज कुणाला सांगितल्याशिवाय कळत नाही की डावा पाय कधी गेला होता. दादाचा तळवा परत आला नाही.

तो घरी आल्यानंतरची पहिली सकाळ. मी मागच्या खोलीत चहा पीत बसलो होतो. मधलं दार उघडंच होतं, नवीन चौकट अजून बसवली नव्हती. कुबडीची टकटक उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली. दादाने तिकडच्या बाजूला पाट ओढला, त्यावर बसला आणि उजवा पाय माझ्या उंबऱ्यावर ठेवला. पट्टी सोडलेली होती. उरलेला तळवा माझ्याकडे.

वहिनी तिकडून म्हणाली, "मी बघते ना, मला दाखवा."

"तू गप्प बस," तो म्हणाला. "त्याला बघू दे."

मी कप खाली ठेवला.  आठ महिने आणि वर दीड महिना, इतक्या दिवसांनी तो भांडणाशिवाय माझं नाव घेत होता. मला वाटलं, आता तो काहीतरी चांगलं बोलेल. थोरला आहे, तोच बोलेल. मी जवळ सरकलो आणि वरवर बघून म्हणालो, "काही नाही. बरा आहे."

त्याने पाय काढला नाही.

"असं नको," दादा म्हणाला. "त्या दिवशी फरशीवर उभा राहून बघितलं होतंस ना, तसं नीट बघ."

मी उठलो, चष्मा लावला, त्याचा पाय दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवला आणि बघितलं. त्यानंतर तो जाईपर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षं, रोज सकाळी तो पाट ओढून पाय माझ्या उंबऱ्यावर ठेवायचा. आम्ही दुसरं काही बोलायचो नाही.